गोल शिक्क्याला हात लावू नये

माझी अक्कल किती होती हे मीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून ऐकायला नको. चहा घ्या हातात. गार झाला तर मला बोल लावू नका.

तेव्हा अंजनगाव सुर्जीत माझं टायपिंगचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन. लोक मला ‘सर’ म्हणत आणि मला ते फार आवडायचं. आता आतली गोष्ट सांगतो. हा सर कॉम्प्युटरवरचा मेनू वाचायचा नाही, मोजायचा. डावीकडून पहिलं, खाली नववं, की प्रिंट. डावीकडून पहिलं, खाली चौथं, की सेव्ह. सगळं वहीत लिहून ठेवलेलं. त्या वहीवर मी तीन बॅचेस शिकवून बाहेर काढल्या. त्यातले दोघं आज सरकारी नोकरीत आहेत. तिथे काय मोजत असतील, देव जाणे.

एका सोमवारी मशीनमध्ये व्हायरस शिरला. अमरावतीहून इंजिनियर आला, सगळं पुसून गेला आणि जाताना म्हणाला, “सर, नवीन व्हर्जन टाकून देलं. लय भारी हाये.”

मी मान हलवली. उघडून पाहिलं नाही. सराला काय शिकायचं असतं?

मंगळवारी दुपारी साडेतीनला प्रज्ञाताई आली. बाजूच्या खेड्यातली, सर्टिफिकेटांची झेरॉक्स काढायला. तिच्याच गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती आणि अर्ज द्यायची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. घरचा कापूस लागोपाठ दोन वर्षं हातचा गेलेला. नवरा सुरतेला कामाला. घरी सासू आणि दोन लेकरं. “हे काम भेटलं तर त्यायले वापस बोलावतो,” एवढंच ती म्हणाली.

“अर्ज कुठं हाये?” मी विचारलं.

“आता लिवतो ना, सर. कोरा कागद आणला.”

“हातानं? ताई, आजकाल हातानं लिवलेला अर्ज कोण वाचते? बसा इथं.”

बसवली. पाहा, ती झेरॉक्स घेऊन निघून जात होती. मी बसवली.

टायपिंगला माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. चार वाजता अर्ज तयार. ‘आपली विश्वासू’पर्यंत सगळं झालं. मग ऐटीत माऊस उचलला. डावीकडून पहिलं.

तर खाली काही उघडेचना. रोजची यादीच गायब. तिच्या जागी आडवा पट्टा आणि त्यात बारीक बारीक चित्रं, जशी बांगड्यांच्या दुकानात मांडलेली असतात तशी. वर डाव्या कोपऱ्यात एक गोल, रंगीत, चमकणारा शिक्का. मी म्हटलं, हा कंपनीचा शिक्का. त्याला कशाला हात लावा?

मग आडवं मोजलं. नववं चित्र दाबलं. अर्ज ठळक झाला. पुन्हा मोजलं, अर्ज मधोमध येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा अक्षरं लाल झाली. प्रज्ञाताईचा अर्ज आता निवडणुकीच्या बॅनरसारखा दिसत होता. कंट्रोल आणि पी एकदम दाबायचं होतं, हे आज तुम्ही सांगाल. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलं नव्हतं.

“काय झालं, सर?” तिनं विचारलं.

मी माऊस उगाच इकडून तिकडे फिरवला. पण सराला येत नाही, हे कसं म्हणायचं?

“व्होल्टेज नाही येऊन राहिलं,” मी म्हणालो. “प्रिंटर ओढत नाही.”

हे बाजूच्या सलीमभाईंनी ऐकलं. सलीमभाई टेलर, दिलदार माणूस, आणि हीच अडचण. ते उठून आले. “कावून येऊन नाही राहिलं? माही मशीन तर बरोब्बर चालू हाये.”

“तुमच्या मशीनले कमी लागते,” मी ठोकून दिलं.

“थांबा मंग. आपला लाइनमन माह्या इथंच बसला हाये, पँट अल्टर कराले. त्याले सांगतो. बाईचं काम हाये, अडकाले नाही पाह्यजे.”

“राहू द्या, सलीमभाई,” मी म्हणालो, पण ते गेलेच.

मी दुकानामागे पळालो आणि मोबाइलवरून इंजिनियरला विचारलं. चार वीस झाले होते. आपल्या मोठेपणापायी एका बाईची नोकरी जाते की काय?

“सर, वर डाव्या कोपऱ्यात गोल दिसते का?”

“तो कंपनीचा शिक्का ना?”

“शिक्का कायचा, बटन हाये ते! त्यातच प्रिंट, त्यातच सेव्ह. दाबा.”

मी धावत आलो. खुर्चीत बसलो. माऊस शिक्क्यावर नेला. आणि लाइट गेले.

समोरच्या विजेच्या डीपीपाशी लाइनमन अर्धवट शिवलेल्या पँटीत उभा राहून ओरडला, “सर, फ्यूज काढला! कॉन्टॅक्ट पाहून घेतो. अर्धा तास लागन!”

यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. अर्ज सेव्ह केलेला नाही, कारण सेव्हही त्याच शिक्क्याच्या पोटात. प्रज्ञाताईनं एकदा काळ्या पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पिशवीतून कोरा कागद काढला आणि माझ्याच टेबलावर लिहायला बसली. वीस मिनिटांत अर्ज पूर्ण. अक्षर सुरेख.

मला राहवेना. मी तिच्यासोबत अर्ज द्यायच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, साहेबाला सांगू, चूक माझी आहे, हाताचा अर्ज चालवून घ्या. पाचला दहा कमी होते. खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज पाहिला आणि शिक्का मारला.

“साहेब, टाइप करायचा होता, पण माझ्यामुळे...” मी सुरुवात केली.

“बरं झालं नाही केला,” तो म्हणाला. “अर्ज स्वतःच्या अक्षरातच पाह्यजे, जाहिरातीत लिवलं हाये. सकाळपासून टाइप केलेले वापस करून राहिलो. कोण येडा करून देते काय मालूम.”

प्रज्ञाताईनं पावती घडी घालून पदरात बांधली. हसू दाबत होती, पण दबत नव्हतं.

बाहेर वऱ्हांड्यात पाच-सहा बाया मांडीवर कागद घेऊन घाईघाईनं अर्ज लिहीत बसल्या होत्या. सगळी माझी गेल्या आठवड्यातली गिऱ्हाइकं. मी भिंतीकडे तोंड करून निसटत होतो, तेवढ्यात एकीनं मान वर केली.

“या सर, बसा,” ती म्हणाली. “तुमाले बी हातानं लिवाले लावलं काय?”