बदामची राणी

दुपारच्या जेवणानंतर वैजयंती जरा आडवी होते. तासाभरानं उठायचं, गाडी काढायची आणि अंधार पडायच्या आत आंबोलीचा घाट उतरून गोवा गाठायचा, असं तिनं ठरवलंय. आईला सांगितलंय की कंपनीची मीटिंग आहे. पलंगाशेजारी बॅग भरून तयार आहे. स्वयंपाकघरात आई वाटेसाठी डबा भरतेय. झाकण बसत नाही, म्हणून ती ते पुन्हा पुन्हा दाबतेय. तो आवाज ऐकता ऐकता वैजयंतीचे डोळे जड होतात. पंखा फिरतोय की खोली, ते कळेनासं होतं.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

ती सरकते. उदयनदादा पलंगाच्या कडेवर बसतो आणि बुटाची लेस सोडायला लागतो. दादा गेला, हे तिला माहीत आहे. झोपेतही माहीत आहे. पण इतक्या दमून घरी आलेल्या माणसाला ते सांगायचं कसं?

उदयन सरनोबत पत्ते खेळून घर चालवायचा. आईच्या आणि कोल्हापुरातल्या सगळ्या नातेवाइकांच्या लेखी तो पणजीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. खरं तर तो मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर खेळायचा. वैजयंतीला त्यानंच शिकवलं. "नशिबावर खेळणारे लोक आपलं गिऱ्हाईक," म्हणायचा. "आपण हिशेबानं खेळायचं. आणि घरखर्चाचा पैसा टेबलावर आणायचा नाही." मग एका सकाळी, रात्रभर खेळून तो परत निघाला आणि घाटातल्या एका वळणावर त्याचा डोळा लागला.

त्यानंतर घर वैजयंतीवर आलं. तिला त्याच्याइतकं चांगलं जमत होतं ते एवढंच. ती घरात बसून कॉम्प्युटरवर पैसे लावून पोकर खेळते, रात्र रात्र. आईला वाटतं, अमेरिकेचं काम आहे. काही महिने असे जातात की आईला दवाखान्यात न्यायला मागंपुढं बघावं लागत नाही. काही महिने असे की दूधवाल्याची बेल वाजली तरी दार उघडायचं टाळते. आजारी पडलं तर रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. बँकेच्या साहेबानं व्यवसाय विचारला तेव्हा ती नुसती हसली होती. आणि दिवाळीपासून तर ती हरतेच आहे. चूक करून नव्हे. बरोबर खेळून.

"बॅग जड दिसतेय," दादा म्हणतो.

"कपडे आहेत."

"कपड्यांना माझा वास येतोय, वैजे."

ती बॅग पायानं पलंगाखाली ढकलते. बॅग जात नाही.

"विम्याचे पैसे ना?" तो विचारतो. "मी मेल्याचे."

"दादा, मोठी स्पर्धा आहे. एकदा जिंकले की दोन वर्षं बघायला नको. मी सगळा हिशेब केलाय."

"घरखर्चाचा पैसा टेबलावर—"

"माहितीय मला! तूच सांगितलेलं."

"सांगितलं होतं," दादा म्हणतो. त्यानं एक बूट काढलाय, दुसरा काढत नाही. "मी गेल्यावर माझ्या खात्यात काय सापडलं तुला?"

खात्यात काहीच सापडलं नव्हतं. ही गोष्ट तिनं आईलाच काय, स्वतःलाही धड सांगितलेली नाही.

पलंग डुलायला लागतो. खालची फरशी आता लाल गालिचा झालीय. खिडकीबाहेर पाणी आहे, पण मांडवीचं नाही. बोट कोल्हापूरच्या रंकाळ्यात उभी आहे. काठावर भेळेच्या गाड्या, कट्ट्यावर बसलेली माणसं, आणि ती सगळी माणसं बोटीकडे बघताहेत. मधल्या हिरव्या टेबलावर दादा समोर बसलाय. एका पायात बूट आहे, दुसऱ्यात नाही.

तो खिशातून गाडीची किल्ली काढतो आणि टेबलावर ठेवतो.

वैजयंती ती ओळखते. घाटातल्या त्याच गाडीची किल्ली. "कुठं निघालास?"

"घरी. आई वाट बघत असेल."

"आत्ता नको. झोप थोडा वेळ. दादा, पाया पडते तुझ्या, तू झोप."

"झोप येत नाही मला," तो म्हणतो. त्याचे डोळे लाल झालेत. "थांबवायचंय? मग जिंक. तू जिंकलीस तर किल्ली तुझी. मी इथंच राहतो."

पत्ते वाटले जातात. कोण वाटतंय ते दिसत नाही, फक्त हात दिसतात. दोघांना दोन-दोन पानं मिळतात, बाकीची मध्ये उघडी पडत जातात, ती दोघांचीही. वैजयंती आपली पानं उचलते. दोन राजे. मध्ये पडतो तिसरा राजा. मग एक राणी, एक सत्ती, एक दुर्री. आता शेवटचं एकच पान यायचं आहे.

दादा आपली पानं उघडी करून ठेवतो. त्याच्याकडे दोन राण्या आहेत. मधली धरून तीन.

तीन राजे तीन राण्यांना हरवतात. गड्डीत फक्त एकच पान असं आहे, जे दादाला जिंकवेल. चौथी राणी, बदामची. बाकीची सगळी पानं वैजयंतीची. जन्मभर वाट बघावी असा हा डाव आहे. ती श्वास सोडते. "उठू नकोस आता," ती दादाला म्हणते. "मी चहा टाकते."

शेवटचं पान पडतं.

बदामची राणी.

काठावरचं कुणी ओरडत नाही. दादाही हसत नाही. तो किल्लीकडे हात नेतो.

"माझं काय चुकलं?" ती विचारते. "सांग ना. कुठं चुकले मी?"

"कुठंच नाही. माझंही त्या रात्री टेबलावर काही चुकलं नव्हतं."

"परत खेळू. एकच डाव. आता येणार नाही राणी."

"लावायला काय आहे तुझ्याकडे?"

तिचा हात आपसूक खाली जातो. बॅग तिथंच आहे, पायाशी. ती बॅग टेबलावर ठेवते, चेन ओढायला लागते. आणि मग दादाचा चेहरा बघते. इतकं घाबरलेलं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"वैजे," तो म्हणतो, "हे पण हरलीस तर मला दोनदा घालवशील."

टेबल नाही. बोट नाही. ती दोघं बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उभी आहेत आणि पार्किंगमध्ये धुकं शिरतंय, घाटातलं, दाट, ओल्या मातीच्या वासाचं. गाडीचं दार उघडं आहे. दादा आत बसलाय. किल्ली लावायला तो वाकतो.

वैजयंती झेप घेते आणि ती किल्ली त्याच्या हातातून हिसकावते.

"ए! हरलीस तू. हा काय खेळ झाला?"

"मी खेळतच नाही."

"दे इकडं."

"नाही देत."

तो गाडीतून बाहेर येतो. तिची मूठ धरतो आणि एकेक बोट उलगडायला लागतो. लहानपणी चिंचेसाठी उलगडायचा तसं, पण आता त्याची बोटं बर्फासारखी गार आहेत आणि ताकद माणसाची नाही. करंगळी सुटते. तिच्या शेजारचं बोट सुटतं. उरलेल्या बोटांनी ती किल्ली अशी आवळते की हाडापर्यंत कळ जाते. धुक्यात मागं कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजतो, जवळ येतो, आणखी जवळ—

"सोड, वैजे."

"तू सोड."

आणि तो सोडतो.

पंखा फिरतोय. पडद्याच्या कडेनं ऊन आत आलंय. वैजयंती उठून बसते. पाठ घामानं भिजलीय, आणि उजव्या हाताची मूठ उघडत नाहीये. डाव्या हातानं ती एकेक बोट सोडवते. आत काही नाही.

आई दारात येते, हातात डबा. "उठलीस होय? उशीर झाला बघ. घाटात धुकं पडायच्या आत निघ बाई."

"मी जात नाही, आई."

"अगं, मीटिंग?"

"मीटिंग नव्हती." वैजयंती पलंगावर जागा करते. "ती बॅग तुझ्या कपाटात ठेव आणि कुलूप लाव. थांब, आधी इथं बस. दादा गोव्यात काय करायचा, ते तुला सांगायचंय. आणि मी काय करते तेही."

आई बसते. डबा मांडीवर ठेवून लेकीचा हात आपल्या हातात घेते. आणि थबकते. हात उजेडाकडे वळवते, पदरानं तळवा पुसते, मग अंगठ्यानं दाबून बघते.

तळव्यात मधोमध किल्लीच्या दातांची रांग उमटली आहे, लाल, खोल. पुसून जात नाही.