सहाव्या नंबरची बालवाडी

मलकपेठेत रेसकोर्सच्या भिंतीला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथं सरकारी बालवाडी भरायची. घोड्यांची देखभाल करणारे सईस, बांधकामावरचे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांची तीसेक मुलं. शिकवायला इंदुमतीबाई होत्या. मुलांना घरोघरून गोळा करून आणायला, नाकं पुसायला, दूध वाटायला आया होत्या तारामतीबाई. माझे वडील लक्ष्मणराव जवळच्याच प्राथमिक शाळेत पहिलीचे मास्तर होते. ही हकिगत बरीचशी त्यांच्याकडूनच मी ऐकली.

तारामतीबाई नांदेडकडच्या शेतकरी घरातल्या. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी नवरा वारला, तेव्हा भावाच्या मागोमाग शहरात आल्या. लिहितावाचता येत नव्हतं. पण कोणतं मूल कोणत्या गल्लीतलं, कोणाची आई बाळंत झालीय, कोण सकाळी उपाशी आलंय, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

छप्पनच्या नोव्हेंबरात भाषावार प्रांतरचना होऊन निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले. इंदुमतीबाईंचे यजमान महसूल खात्यात होते. त्यांची बदली औरंगाबादला झाली आणि आठवड्याभरात बाई सामान बांधून गेल्या. नवी बाई येईपर्यंत सांभाळा, असं सांगून खोलीची किल्ली त्यांनी तारामतीबाईंच्या हातात दिली. नवी बाई काही आली नाही. कचेरीत कोणाला विचारावं तर तो माणूस मुंबईला नाहीतर बंगळूरला गेलेला असायचा.

तारामतीबाई रोज खोली उघडत राहिल्या. बाईंची गाणी त्यांना पाठ होती, ती म्हणून घेत. चिंचोके मांडून वीसपर्यंत मोजायला शिकवत. अक्षरांपुरते वडील शनिवारी जाऊन फळ्यावर चार अक्षरं काढून येत.

फेब्रुवारीत तपासणी निघाली. आमच्या भागात सहा सरकारी बालवाड्या होत्या. त्यांची तुलना करायची आणि शेवटची बंद करून तिची मुलं दुसरीकडे पाठवायची, असं ठरलं होतं. तपासायला एकनाथराव आले. शहरातल्याच चिक्कडपल्लीचे, वकिलांच्या जुन्या घराण्यातले, शांत आणि काटेकोर गृहस्थ. पन्नास मार्कांचा छापील तक्ता त्यांच्याजवळ होता. अंक, अक्षरं, चित्रं ओळखणं, स्वच्छता, आणि दहा मार्क शिक्षिकेच्या शिक्षणाचे.

चित्रांच्या वेळी त्यांनी एका सइसाच्या मुलीला घोड्याचं चित्र दाखवलं. ती म्हणाली, "कुमैत." तांबूस घोड्याला सईस कुमैत म्हणतात, तिनं रंग ओळखून नेमकं नाव सांगितलं होतं. साहेबांनी फुली मारली. तारामतीबाई म्हणाल्या, की लेकरू बरोबर सांगतंय, रंग बघा. साहेब म्हणाले, तक्त्यात घोडा असं उत्तर आहे.

एप्रिलमध्ये आमच्या शाळेत सभा झाली. बाकीच्या पाच बालवाड्यांच्या शिक्षिका आल्या होत्या. तारामतीबाईंना मात्र फक्त किल्ली जमा करायला बोलावलं होतं. एकनाथरावांनी नंबर वाचले. मलकपेठेची बालवाडी सहावी, शिक्षिकेच्या रकान्यात शून्य. जूनपासून मुलांनी रेल्वेलाईनीपलीकडच्या बालवाडीत जावं. एवढं वाचून त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

तारामतीबाई उठून उभ्या राहिल्या, पण किल्ली त्यांनी कमरेलाच ठेवली.

"साहेब, बाई तुमीच नेली," त्या म्हणाल्या. "अन् मार्क माझ्या लेकरांचे कापले?"

एकनाथराव म्हणाले, बदली आपण केलेली नाही, आणि तक्ता सगळ्यांना एकच आहे.

"मंग आधी बाई सारखी द्या. मंग तक्ता सारखा लावा."

तेव्हा वडील शाळेचं हजेरीपुस्तक घेऊन पुढे झाले. तारामतीबाई आठ दिवस त्यांच्या मागे लागल्या होत्या, की आपल्याकडून गेलेली लेकरं शाळेत टिकली का ते बघा. त्यांनी तीन वर्षांची नावं काढली होती. मलकपेठेच्या बालवाडीतून पहिलीत आलेली एकसष्ट, त्यातली बावन्न अजून शाळेत येत होती. पहिल्या नंबरच्या बालवाडीतून आलेली चाळीस, त्यातली एकवीस.

एकनाथरावांनी पुस्तक नीट पाहिलं. मग म्हणाले, त्या बालवाडीतली बरीच मुलं पुढे खासगी शाळेत जातात, ती या पुस्तकात दिसणार नाहीत. हे खरंच होतं. तारामतीबाईंनी मान हलवली.

"हौ, खरं हाय. मंग त्यांचं कमी धरू नका. आमचं बी कमी धरू नका."

किल्ली न देता त्या घरी गेल्या.

जूनमध्ये कचेरीच्या शिपायानं येऊन दाराला दुसरं कुलूप घातलं. तारामतीबाईंनी मुलांना बाहेर कडुलिंबाखाली बसवलं. रेल्वेलाईन ओलांडून एकही मूल गेलं नाही. सतरा दिवस त्या अशा बसल्या. पावसाची सर आली की सईस मुलांना तबेल्याच्या पडवीत घेत. एक दिवस एकनाथराव सायकलवरून आले, उतरून बराच वेळ बघत राहिले. मुलं चिंचोके मोजत होती. मग ते परत गेले. त्यांनी वर काय लिहिलं ते कळलं नाही. अठराव्या दिवशी कुलूप निघालं आणि ऑगस्टमध्ये पद्मावती नावाची तरुण तेलुगू शिक्षिका रुजू झाली.

कचेरीनं तारामतीबाईंना मात्र सोडलं नाही. पात्रता नसताना वर्ग चालवला, आदेश मोडला, म्हणून त्यांच्याकडे लेखी माफीनामा मागितला. मजकूर तयार होता, फक्त अंगठा द्यायचा होता. वडील म्हणाले, देऊन टाका, नोकरी कायम होईल. त्यांनी दिला नाही. नोकरी राहिली, पण कायम कधीच झाली नाही. त्याचं दुःख त्यांना होतं, ते त्या लपवतही नसत.

पुढल्या वर्षी बालवाडीचा नंबर तिसरा आला. पद्मावतीबाईंनी पेढे आणले. तारामतीबाईंनी पेढा घेतला आणि त्या म्हणाल्या, लेकरं तीच हायत, रकाना तेवढा भरला.

बासष्ट साली त्या नोकरीतून निवृत्त झाल्या. वडिलांबरोबर मीही कचेरीत गेलो होतो. कारकुनानं दाखला दिला. वाचून दाखवा, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. त्यात लिहिलं होतं, की यांनी प्रामाणिकपणे आणि आज्ञाधारकपणे सेवा केली.

"आज्ञाधारक म्हंजी?"

सांगेल ते ऐकणारी, वडील म्हणाले.

त्यांनी दाखला कारकुनासमोर ठेवला आणि तेवढा शब्द काढायला सांगितला. छापील नमुना आहे, असं तो म्हणाला. मग नवा टाइप करा, म्हणून त्या बाकावर बसल्या. दुपारचं जेवण झालं, कारकून परतला, त्या तिथंच होत्या. चारच्या सुमारास त्यानं मशीनमध्ये कोरा कागद घातला.