मुद्दाम नासवलेलं

डोंगरी गावाच्या पुढे, उत्तनच्या रस्त्यावरच्या एका छोट्या रिसॉर्टच्या बारमध्ये मी कामाला लागले, तेव्हा मालकीणबाई, म्हणजे आमच्या आंटी, म्हणाल्या होत्या, "म्हैनाभर बघू. जमलं तर जमलं." वाशिमकडच्या, आठवीतून शाळा सोडलेल्या बाईला एवढंही कोण म्हणतं? मी जीव मुठीत धरून ग्लास पुसायचे.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, एका नवरदेवाला घेऊन त्याचे मित्र जेवायला आले. आंटींनी ट्रेमध्ये बारा छोटे ग्लास भरले आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी बघितलं, तर प्रत्येक ग्लासात पीचच्या पारदर्शक दारूत मलईची दारू फाटलेली. दोऱ्यादोऱ्यांची, गाठीगाठींची. हे असं पाहुण्यांसमोर गेलं तर आंटींची अब्रूच जायची. मी बाराही ग्लास सिंकमध्ये ओतले, विसळून उपडे घातले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

आंटी आल्या. "ट्रे कुठे हाय?"

"सगळं नासलं होतं, आंटी. कुणाला कळायच्या आत फेकलं मी."

त्या उपड्या ग्लासांकडे बघत राहिल्या. "अगं बाय, त्यांना नासलेलंच पायजे. मेंदू म्हणतात त्याला. वरून लाल सिरप टाकायचा, म्हंजे फुटलेला मेंदू. पोरं बघून खिदळतात."

संपलं, मला वाटलं. आता बॅग भरायची. माझे डोळे भरले.

"रडू नको, दारूत पाणी पडंल," म्हणत आंटींनी मलईच्या दारूची बाटली माझ्याच हातात दिली. "आता तू कर. चमच्यावरून, हळू."

माझा हात इतका थरथरत होता की धार तुटत तुटत पडली. आंटींनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. आत बारीक बारीक सुरकुत्या पडल्या होत्या.

"माझ्यापेक्षा बरा झाला," त्या म्हणाल्या. "माझा हात थरथरत न्हाय ना."

बाहेर पोरांनी नवरदेवापुढे ग्लास सरकवला. "घे, तुझा हरवलेला सापडला."

महिन्याची गोष्ट आंटींनी पुन्हा काढली नाही. मीही नाही. आता मेंदूची ऑर्डर आली की त्या नुसतं माझ्याकडे बघतात.

मी हॉटेलात आहे, एवढंच आईला ठाऊक. परवा फोनवर तिने विचारलं, नक्की काय करतेस गं तिथे? म्हटलं, दुधासारखं काहीतरी असतं, ते मुद्दाम नासवते.



"बरं," आई म्हणाली, "वाया नको घालवू पण. गूळ घालून आटव."