बटणाआधी हात

मोजणीवाले मामा तीस वर्षं कॅल्क्युलेटरचं बटण दाबण्याआधी हात लांब करून दिशा दाखवत आले. भाची त्यांना हसायची.

तिची पहिलीच स्वतंत्र मोजणी होती. हद्दीचा पुरलेला दगड संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. पूर्वेच्या फरकाला उत्तरेच्या फरकाने भागून कॅल्क्युलेटरने उत्तरेपासून सदतीस अंश सांगितले, म्हणून ईशान्येला कंबरभर खणलं. दगड नव्हता.

मामांनी वही पाहिली. "इथून दगडापर्यंत पूर्वेचा फरक उणे, उत्तरेचाही उणे. म्हणजे दगड कुठं?"

"नैर्ऋत्येला. पण भागाकार अधिक आला, मामा."

"येणारच. दोन उणे एकमेकांना खाऊन बसले. ते बापडं यंत्र भागाकारच बघतं. एकशेऐंशी मिळव, बाई."

तिने मागे वळून हात लांब केला. दोनशे सतरा अंशांवर दगड वीतभर खोल निघाला.

पहिला खड्डा मामांनी तिलाच बुजवायला लावला.