टॉवेलखालचा पासवर्ड

नगरच्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि हेडक्लार्क भाऊसाहेबांनी त्याला पासवर्ड लावला. टाइप करताना ते हातांवर टॉवेल पांघरत, आम्हाला भिंतीकडे तोंड करायला लावत आणि टायपिंग क्लासच्या सवयीने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. पासवर्ड होता पुणतांबा, त्यांची सासुरवाडी.

दिवाळीनंतर तो ते स्वतःच विसरले. दारात तपासणीची जीप उभी आणि आम्ही सगळे अर्थातच अज्ञानी. झाडणाऱ्या मावशींना मात्र राहवलं नाही.

"भाऊसायेब, सासुरवाडी टाका की!"

कॉम्प्युटर उघडला. भाऊसाहेबांनी फितूर शोधत आमच्याकडे रोखून पाहिलं आणि लगेच पासवर्ड बदलायला घेतला. आम्ही निमूट भिंतीकडे वळलो.

"टी, आय, एस..."

"तिसगाव," मावशी पुटपुटल्या. "थोरल्या लेकीचं सासर."