आमच्या वस्तीखालची गळती

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नेरळच्या नव्या इमारतींना पाणी नेणाऱ्या पाइपलाइनवरची गळती शोधणं हे माझं काम. पाइपाच्या कडेने इंटरनेटची केबल पुरलेली आहे. तिच्या काचेच्या तंतूतून प्रकाश सोडायचा. जमिनीत कुठे पाणी फुटून वाहत असलं की माती बारीक थरथरते, परत येणारा प्रकाश किंचित बदलतो आणि स्क्रीनवर जागा दिसते.

एका सकाळी पोशीरच्या पुढे अशी जागा उमटली. नकाशा मोठा करून बघितला. ती आमच्या बौद्ध वस्तीखालची शेतं होती. पाइप तिथून जातो, पण वस्तीला नळ नाही. एका जोडातून पाणी झिरपायचं, तिथे बायकांनी खड्डा करून दगड रचले होते. उन्हाळ्यात सगळी वस्ती त्यावरच.

मी ऑफिसला कळवलं. खोटं काम मला जमत नाही. सोबत लिहिलं, आधी नळ द्या, मग जोड बंद करा. साहेब म्हणाले, "मॅडम, नळाचं खातं वेगळं. आपलं काम गळती."

संध्याकाळी आईला फोन केला. "उद्या आमची माणसं खड्ड्यावर येणारेत," एवढंच बोलले, तोवर ती शेजारणींना हाका मारत बाहेर पळालीसुद्धा. नंतर फोन लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम आणि कामगारांसोबत गेले तर वाट झाडलेली, खड्ड्यातला गाळ उपसलेला, चुलीवर चहा.

"ये गं बाय," आई म्हणाली. "लेक शिकली ती फुकट नाय गेली. नळ कुठं बसवनार, आंब्याखाली?"

"हिच्या दारात नको रं," चुलती आईकडे बोट दाखवून कामगारांना म्हणाली, "रोज हिची बडबड ऐकावी लागंल!"

सगळ्या हसल्या. कामगार माझ्याकडे बघायला लागले.

"आई, ही माणसं नळ द्यायला नाय आली. हे बंद करायला आलीत."

आईचा हात पदरावर थांबला. "पानी कुटं फुटलं ते तुज्या तारेला कळतं. आमाला पानी नाय, ते नाय कळत?"

"नळाचा अर्ज दिलाय मी."

"मंग भरून तर घेऊ दे."

हंडे, कळश्या, बादल्या, लग्नातली पातेलीसुद्धा आली. मुकादम घाई करायला लागला. मी म्हटलं, "सगळी भांडी भरल्याशिवाय जोडाला हात लावायचा नाही." झिरपतं पाणी ते, भरायला वेळ घेतं. दुपार कलली. शेवटची कळशी उचलून आई मुकादमाला म्हणाली, "करा आता बंद."

आता स्क्रीनवर तिथे काही दिसत नाही. अर्जाचं विचारलं की एकच उत्तर, फाइल वर गेलीये. बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जातात. मी घरी गेले की मला पाणी विचारण्याआधी आई हंड्यात वाकून बघते.