जप्त कोंबड्याची बोली

वर्णन पुढीलप्रमाणे. इसम पुरुष, वय पंचेचाळीसच्या आसपास, बांधा मध्यम, मिशी आहे पण तिच्याबद्दल घरात दुमत आहे. व्यवसाय शीतगृहाच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारेकरी. सदर इसम हरवलेल्या, बेवारस व जप्त मालाच्या जाहीर लिलावांस नियमित हजर राहतो. स्वभावाने शांतताप्रिय असून कोणाच्या अध्यात ना मध्यात. सासूच्या कोंबड्याविरुद्धची निनावी तक्रार त्यानेच केली होती.

लिलावाच्या जगात त्याला तीनवार म्हणत. कारकुनाचं 'एक वार, दोन वार' होईपर्यंत हा आभाळाकडे बघत, जांभया देत उभा असायचा. मालाकडे नजर गेलीच तर उधार मागायला आलेल्या मेहुण्याकडे जावी तशी. "गंजलंय. मोडलंय. फुकट दिलं तरी नेणार कोण?" असं स्वतःशीच, पण चौघांना ऐकू जाईल इतपत पुटपुटायचा. आणि तिसरा वार कारकुनाच्या ओठांवर आला की ह्याचा हात वर. माल घरी.

घरात त्यामुळे कशाची वाण नव्हती. जेवायला तो न्हाव्याच्या फिरत्या खुर्चीत बसे, म्हणजे बायकोशी खटका उडाल्यावर पाठ फिरवायला उठावं लागत नसे. दाराआड बेवारस छत्र्यांची एवढी गर्दी होती की पाहुणा निघाला की बायको कळवळून म्हणायची, "एक तरी न्या हो!" एकदा त्याने कोणाचीतरी हरवलेली कवळीही आणली होती. ती छत्र्यांच्या ढिगात होती, आणि ढीग सबंध उचलावा लागतो, हा नियम.

घर मात्र सासूबाईंचं. त्या खाली, अंगणाला लागून असलेल्या खोलीत राहत, आणि त्यांच्यासोबत राहत साहेब. साहेब म्हणजे कोंबडा. पांढराशुभ्र, तुरा कलता, चाल बदली न होणाऱ्या अधिकाऱ्याची. तीनवार रात्रपाळी करून पहाटे घरी यायचा, पाठ टेकायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच साहेब कामाला लागायचे. बरं, एकदा आरवून भागत नसे. जग उठलं की नाही याची खातरजमा करायला साहेब पुन्हा आरवत, आणि उठलं असेल तर अभिनंदनादाखल पुन्हा.

तीनवारने कानात कापूस घातला. उशी डोक्याखालून काढून डोक्यावर घेतली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, तेही त्याने एकदा टोपली घेऊन करून पाहिलं. तांबडं वेळेवर फुटलं, आणि साहेबांचा आवाज टोपलीत घुमून दुप्पट झाला. शेवटी शीतगृहाच्या फाटकावर जागं राहण्यासाठी तो स्वतःला चिमटे काढू लागला. झोपलेला सापडला तर नोकरी जाणार होती. सासूबाईंना सांगायची छाती नव्हती. मग त्याने डाव्या हाताने तक्रार लिहिली.

गटाराबद्दलच्या अर्जांना वर्षानुवर्षं उत्तर न देणारी नगरपालिका या एका अर्जावर आठवड्यात धावून आली. साहेब पोत्यातून कोंडवाड्यात गेले. 'सकाळी सातपूर्वी आरवणार नाही' असं हमीपत्र दिलं तर परत देऊ, असं सासूबाईंना सांगण्यात आलं.

"मी नाही सही करणार," सासूबाई म्हणाल्या. "आरवणार तो, आणि खोटी ठरायची मी?"

तेव्हा साहेब रीतसर लिलावात निघाले, आणि तीनवार चार दिवस तान्ह्या बाळासारखा झोपला. पाचव्या दिवशी बायकोने त्याला हलवून उठवलं.

"अहो, जगाच्या मोडक्या छत्र्या सोडवून आणल्यात. आता माझ्या आईचा कोंबडा सोडवा. तुमच्या हातून लिलाव कधी गेलाय का?"

गेला नव्हता. हीच तर पंचाईत होती.

त्याने शीतगृहावर माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याला गाठलं. "मी थोडं ताणल्यासारखं करीन. तू वरची बोली लाव. पैसे मी देतो. कोंबडा तुझ्या शेतावर ने. कापायचा मात्र नाही हां." एवढी सदसद्विवेकबुद्धी त्याच्यापाशी जागी होती.

"मग मला काय फायदा?" ट्रकवाला म्हणाला.

"लवकर जाग येईल."

लिलावाला तीनवार एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासूबाई असा बंदोबस्तात आला. आधी हातगाड्या गेल्या, मग छत्र्या. छत्र्यांच्या वेळी बायकोने त्याचा हात धरून ठेवला. मग जप्त टेबलाच्या पायाला बांधलेल्या साहेबांची पाळी आली. पायात क्रमांकाची चिठ्ठी.

"आटपा लवकर," कारकून म्हणाला. "ह्याने आमच्या पहारेकऱ्याला झोपू दिलेलं नाही."

"जावईबापू, वाळला हो तो!" सासूबाई म्हणाल्या.

तीनवारने पन्नास म्हटले. ट्रकवाल्याने ठरल्याप्रमाणे साठ म्हटले. आता तीनवारला फक्त गप्प बसायचं होतं.

"साठ, एक वार."

तीनवार आभाळाकडे बघत राहिला. तिथे त्याला गादी दिसत होती.

"साठ, दोन वार."

सगळं सुरळीत चाललं होतं. पण ट्रकवाला कामाला चोख माणूस. सोंग घेतलं तर पुरतं वठवावं, म्हणून त्याने मोठ्याने जांभई दिली, कोंबड्याकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाला, "गंजलाय जरा. पण आज काय, तीनवारचे दात पडलेत वाटतं!"

नेहमीची मंडळी खो खो हसली. तीनवारचा हात वर गेला.

"शंभर!"

ट्रकवाल्याने डोळा मारला. ताणणार असं ठरलंच होतं. "सव्वाशे."

"दीडशे!"

"पावणेदोनशे," ट्रकवाला म्हणाला. आता तो डोळा मारत नव्हता.

"दोनशे!"

"अरे, झोपायचंय ना तुला?" ट्रकवाला ओरडला.

"झोपायचंय म्हणजे?" बायकोने विचारलं.

"रात्रपाळी आहे ना... काळजी करतो बिचारा," तीनवार म्हणाला, आणि कोणी विचारलं नसताना बोली सव्वादोनशेवर नेली. ट्रकवाल्याने हात जोडले.

"तीन वार!" कारकून म्हणाला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीला म्हटलं, "माणूस बरा आहे गं."

साहेब सासूबाईंच्या काखेत गेले. कारकुनाने तीनवारपुढे हमीपत्र सरकवलं.

"मालकीण ह्या आहेत," तीनवार म्हणाला.

"होत्या. पावती तुमच्या नावाने आहे. तक्रार कायम आहे, ती आता तुमच्याविरुद्ध. तक्रारदाराने मागे घेतली तर गोष्ट वेगळी. पण तो निनावी. कोण असावा, काही अंदाज?"

"नाही," तीनवार म्हणाला.

"सापडू दे एकदा!" सासूबाई कडाडल्या. "मेल्याच्या डोळ्याला डोळा लागणार नाही, सांगून ठेवते!"

"नाही लागणार, आई," जावई अगदी मनापासून म्हणाला, आणि त्याने सही केली.

हमीपत्रानुसार सदर कोंबडा सकाळी सातपूर्वी आरवणार नाही, आणि आरवल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी खाली सही करणाऱ्या मालकाची राहील. कोंबडा पाचला आरवतो.